लॉकडाऊनमध्ये पर्यटनावर पोट असणाऱ्यांचे अनुभव

तारकर्लीची लेक
काल माळा आवरताना २०२०चं बुकिंग रजिस्टर सापडलं. एप्रिल-मेची पानं पेन्सिलीने भरलेली (आई ॲडव्हान्स आला की पेनाने गिरवते) आणि प्रत्येक नावावर आडवी रेघ. तिथेच बसून राहिले. आमच्या सहा खोल्या, मेच्या कमाईवर अख्खा पावसाळा काढायचा कारण जूनपासून किल्ल्याच्या होड्या, स्कूबा सगळं बंद. खोल्यांना कुलूप तरी लाइटबिलात स्थिर आकार येतोच. बाबा आणि गाववाले निवेदन घेऊन किती वेळा तालुक्याला गेले. मागणी एवढीच, बंद काळाचा आकार नको आणि व्याज नको. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते थांबवायची मुभा दिली पण व्याज चालूच ना. आणि पुढच्या मेमध्ये परत लॉकडाऊन, वर तौक्ते वादळ. तुमच्याकडे काय झालं? लिहा प्लीज, हे कुठेतरी राहायला हवं.

माथेरानकर
खोलीला कुलूप लावता येतं, घोड्याला कसं लावणार? काकांचे दोन घोडे. चंदी अर्ध्यावर आणली तेव्हा काकी स्वतः जेवत नव्हती. पाय सुजू नयेत म्हणून काका रोज पहाटे रिकामे घोडे दस्तुरीपर्यंत फिरवून आणायचे, अख्ख्या रस्त्यावर फक्त टापांचा आवाज. नेरळची मिनी ट्रेन तर २०१९च्या पावसापासूनच बंद होती, ती सुरू झाली थेट ऑक्टोबर २०२२ला.

मृण्मयी
टापांचं वाचून पोटात तुटलं 😢

वेरूळवाला
मी गाइड. १७ मार्च २०२०ला लेणी बंद, १० डिसेंबरला उघडली, एप्रिलमध्ये पुन्हा बंद. जून २०२१ला केंद्राने सरकारी हमीवर कर्ज जाहीर केलं, ट्रॅव्हलवाल्यांना १० लाख, परवानाधारक गाइडला १ लाखापर्यंत. त्यासाठी भांडलेल्या सगळ्यांचे आभारच. पण बाहेर पुस्तकं, माळा विकणारी पोरं कुठल्याच यादीत नाहीत, त्यांच्याकडे परवाना कुठला असणार. आणि दीड वर्ष कमाई शून्य असलेल्याने कर्ज घेऊन फेडायचं कशातून? मदत हवी होती हो, उसनवारी नको होती

पुणेकर ताई
मी टूर कंपनीत होते. लोक फोनवर रडायचे, ओरडायचे, त्यांचे पैसे विमान कंपन्यांकडे अडकलेले आणि तोंड द्यायला आम्ही. ऑक्टोबर २०२०ला सुप्रीम कोर्टाचा रिफंडचा आदेश आला तेव्हा एका आजोबांना मीच फोन केला, ते म्हणाले बाळा तुझा पगार होतोय का? निम्मा होत होता. सांगितलं नाही. सॉरी मुलगी उठली, नंतर लिहिते

सुपारी
दिवेआगर. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं, सुपारीची बाग आडवी. नारळ-सुपारी नाही, गिऱ्हाईक नाही. ह्यांनी पंचनाम्याची वाट बघत पडलेली झाडं उचलली नाहीत, महिनाभर अंगणातून वाकून जायचो.

पाटीलभाऊ
राज्याने हॉटेलांना १ एप्रिल २०२१पासून उद्योगाचा दर्जा दिला, त्याने वीजदर कमी पडतो. @तारकर्लीची लेक, बाबांना अर्ज करायला सांगा खरंच.

तारकर्लीची लेक
@पाटीलभाऊ विचारते त्यांना, थँक्यू 🙏 @माथेरानकर घोडे आता कसे आहेत?

माथेरानकर
एक गेला २०२२ला, म्हातारा होता. दुसरा मस्त, शनिवार-रविवार दमतो.

मृण्मयी
ताई मेमध्ये दोन खोल्या मिळतील का? आम्ही पाच, सासूबाई मासे खात नाहीत

तारकर्लीची लेक
तारखा मेसेज कर. आई काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या करेल त्यांना. पेन्सिलीने लिहून ठेवलंय तिने.