मदत हवी आहे: डेंग्यूनंतर लेकीचे केस मूठमूठ गळताहेत, आयुर्वेदिक उपचार नेमके कुठून सुरू करायचे?

पेठेतली_आई

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, थोडा लांबला तर सांभाळून घ्या.

माझी लेक २२ वर्षांची आहे. एमपीएससीचा अभ्यास करते. सकाळी सातला अभ्यासिकेत जाते ती रात्री नऊलाच शिवाजी पेठेत घरी परत. ऑगस्टमध्ये तिला डेंग्यू झाला. आठ दिवस ताप, त्यात पाच दिवस सलाईन. बरी झाली, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. दिवाळीत पहिल्या आंघोळीला मी तिला तेल लावत होते, तर तळहाताला केसांचं जाळंच चिकटलं. दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. तेव्हापासून हे थांबलेलं नाही. न्हाणीच्या जाळीतून रोज गुंता काढावा लागतो. वेणीला रबर पूर्वी दोन वेढ्यांत बसायचं, आता चार वेढे घालते तरी सैल. पोरगी तोंडानं काही बोलत नाही, पण ओढणी डोक्यावरून घेऊनच बाहेर पडते. ते मला बघवत नाही.

एका दुकानातून कुणाच्या तरी सांगण्यावरून अठराशे रुपयांचं 'आयुर्वेदिक' तेल आणलं. महिन्यात केस दुप्पट होतील म्हणाले होते. चौथ्या दिवशी टाळूला आग आणि बारीक पुरळ. बाटली नीट बघितली तर त्यात काय काय घातलंय ते लिहिलेलं नाही, परवाना क्रमांकही नाही. ही चूक माझीच, आधी बघायला हवं होतं.

घरात रोज वाद. सासूबाई म्हणतात माक्याचं तेल लावा, बाकी काही नको. मिस्टर म्हणतात सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे चला. माझा आयुर्वेदावर विश्वास आहे, माझी जुनी पित्ताची तक्रार वैद्यांनीच बरी केली. पण केसांच्या बाबतीत आयुर्वेद नेमकं काय सांगतो, तेल पुरतं की पोटातून औषध लागतं, आणि आधी काही तपासण्या करायच्या का, हे कुणी नीट समजावून सांगेल का?

रंकाळ्याची_संध्याकाळ

ताई, आधी घाबरू नका. माझ्या बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात असंच झालं होतं, कपाळावरचे तर पार गेले होते. वर्षभरात आले परत.

दोन-तीन गोष्टी सांगा म्हणजे जाणकारांना अंदाज येईल. एखाद्या ठिकाणी रुपयाएवढा गोल चट्टा पडलाय का, की सगळीकडून सारखेच विरळ होताहेत? कोंडा, खाज? पाळी वेळेवर येते का? आणि दिवसभर खाते काय?

पेठेतली_आई

चट्टा नाही, सगळीकडून विरळ. भांग फार रुंद झालाय असंही नाही. कोंडा थोडा. पाळी वेळेवर आहे, पण चार-पाच दिवस बरंच जातं. खाण्याचं विचारू नका. डबा निम्मा परत येतो. अभ्यासिकेजवळ भडंग, वडापाव आणि चार-पाच कप चहा. घरी आली की भाताबरोबर खर्डा आणि लोणचं, भाजी ताटात तशीच. जागरण रात्री एकपर्यंत.

वैद्य_करवीर

ताई, पेशंट न बघता औषध सांगणार नाही. पण तुमचा प्रश्न चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गोल चट्टा पडून केस जातात त्याला आपल्याकडे चाई म्हणतात, ग्रंथात इंद्रलुप्त. सगळीकडून विरळ होत जातात ते खालित्य. सुश्रुतांनी निदानस्थानात याची क्रिया थोडक्यात सांगितली आहे: रोमकूपातलं, म्हणजे केस उगवतो त्या छिद्रातलं, पित्त वातासह बिघडतं आणि केस पाडतं, मग कफ रक्तासह तो रोमकूप बंद करतो, म्हणून तिथे दुसरा केस येत नाही. पहिली पायरी गळण्याची, दुसरी रोमकूप बंद होण्याची. तुमची लेक माझ्या मते पहिल्या पायरीवर आहे, म्हणून आत्ताच लक्ष घालणं महत्त्वाचं.

आता पोटाचं. धातू म्हणजे शरीर घडवणारे घटक. चरकांनी केस हा अस्थिधातूचा (हाडांचा) मल, म्हणजे तो तयार होताना उरणारा भाग, मानला आहे. रस, रक्त, मांस, मेद आणि मग अस्थी, असा धातूंचा क्रम आहे. तापानं अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंदावला, त्यात उपाशीपोटी चहा, तर पहिला रसधातूच धड तयार होत नाही. पुढच्यांना काय मिळणार? म्हणून नुसत्या तेलानं भागत नाही. भूक सुधारणं हा पहिला उपचार, तेल त्याच्या जोडीला.

खर्डा-लोणच्याचं वाचून मुद्दाम सांगतो. चरकसंहितेत विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिंपळी, क्षार आणि मीठ या तिन्हींचा अतिवापर करू नये असं म्हटलंय, आणि मीठ फार खाणाऱ्यांना अकाली टक्कल, पांढरे केस आणि सुरकुत्या येतात असंही तिथेच आहे. आम्हा कोल्हापूरकरांना हे पचायला जड जातं. तिखट-मीठ एकदम तोडायला सांगत नाही, पण भाजी-आमटी सोडून नुसत्या खर्ड्यावर जेवण नको.

मिस्टरांचं म्हणणंही चुकीचं नाही. मोठ्या तापानंतर बरेच केस एकाच वेळी वाढ थांबवून विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. ऑगस्ट ते दिवाळी, तुमचा हिशेब बरोबर जुळतो. असे केस बहुतेक वेळा परत येतात. पण पाळीत रक्त जास्त जातंय, तेव्हा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व तपासून घ्या. रिपोर्ट हातात असला की वैद्यालाही दिशा मिळते. पुढे भांग रुंद होत गेला किंवा चट्टा दिसला, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला वेळ घालवू नका. नस्य (नाकात औषध घालणं), रसौषधी (पारा-धातूंची औषधं), भस्मं यूट्यूबवर बघून अजिबात सुरू करू नका.

कागलची_मामी

सासूबाईंचं माक्याचं तेल चांगलंच आहे गं, फक्त करायची रीत पाळ. आमच्याकडं उसाच्या पाटाकडंला माका आपोआप उगवतो. पांढऱ्या बारीक फुलाचा घ्यायचा, मुळासकट उपटून स्वच्छ धुवायचा. एक वाटी खोबरेल असेल तर माक्याचा रस चार वाट्या, आणि वाटलेला माका पाव वाटी. हे माप माझ्या आजेसासूचं. मंद आचेवर ठेवायचं, घाई केली की करपतं. खाली बसलेला चोथा बोटात घेऊन वळला की वात झाली पाहिजे. ती वात विस्तवावर धरली आणि तडतडली नाही, म्हणजे पाण्याचा अंश गेला. तडतडली तर अजून शिजव, नाहीतर तेल खवट होतं.

पण टाळूवरचं पुरळ पूर्ण जाईपर्यंत काहीच लावू नकोस. नंतरही आधी कानामागं थोडं लावून एक दिवस बघ. आठवड्यातनं दोनदा, बोटांच्या पेरांनी हळू. नखानं खसाखसा चोळू नको.

वैद्य_करवीर

मामींनी सांगितलेलं माप शार्ङ्गधरसंहितेतल्या तेलपाकाच्या सर्वसाधारण मापाशी जुळतं: कल्काच्या (वाटलेल्या वनस्पतीच्या) चौपट तेल, तेलाच्या चौपट द्रव. वातीची परीक्षाही तीच. वाचून फार बरं वाटलं.

पेठेतली_आई

आठ दिवसांनी लिहितेय. रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन १०.२, फेरिटिन ११, थायरॉईड ठीक. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. इथल्या एका वैद्यांनाही दाखवलं, त्यांनी भुकेसाठी काढा आणि रक्तवाढीसाठी लोहाचंच औषध दिलंय. आता दोन्ही लोहं एकत्र द्यायची का? लेक रिपोर्ट बघून मात्र स्वतःहून म्हणाली, "आई, उद्यापासून डबा पूर्ण खाते."

वैद्य_करवीर

दोन्ही एकदम नको. गोळ्या चालू आहेत हे त्या वैद्यांना आजच फोन करून सांगा, ते त्यांचं लोहाचं औषध थांबवतील किंवा दोघांपैकी एक ठरवतील. काढा चालू ठेवायचा का तेही त्यांनाच विचारा. गोळीच्या आधी आणि नंतर तास-दोन तास चहा नको, चहानं लोह अंगी लागत नाही. जेवणात लिंबू, आवळा असू द्या. तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा बघा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे वेणीकडे इतक्यात बघू नका. कपाळाच्या कडेला बारीक, उभे केस दिसतात का तेवढं बघत राहा.

पेठेतली_आई

फोन केला. त्यांनी त्यांचं लोहाचं औषध थांबवलं, काढा चालू ठेवायला सांगितला. मामी, टाळू आता शांत आहे. रविवारी मिस्टर कागलला येताहेत, थोडा माका उपटून ठेवाल का?

कागलची_मामी

ठेवते की. पोरीलापण घेऊन ये म्हणावं, जेवायलाच या.