विटणे, जाणे, उडणे: साडीच्या चिठ्ठीवर कोणतं क्रियापद?

काठपदर: सुती साड्यांसोबत द्यायच्या चिठ्ठीत दोन वाक्यं आहेत. ‘रंग विटू नये म्हणून सावलीत वाळवा’ आणि ‘पहिल्या दोन धुण्यांत रंग विटेल, साडी वेगळी धुवा’. दुसरं खटकतंय, पण नेमकं का? आणि ‘उन्हाने रंग विटवला’ चालेल का?

निळीचीपुडी: दुसरं चुकलंच आहे. पाण्यात उतरतो तो रंग ‘जातो’ आणि शेजारच्या कपड्याला ‘लागतो’. विटणं म्हणजे रंग जागच्या जागी निस्तेज होणं; ऊन लागून, वापरून, जुनं होऊन. बादलीतलं पाणी रंगलं तर रंग गेला. कपाटात उजेड लागून घडीची बाहेरची बाजू आतल्यापेक्षा फिकी झाली, तर साडी विटली. ब्लीचचा थेंब पडून ठिपका पांढरा झाला तर तिथला रंग उडला.

तेव्हा ‘पहिल्या दोन धुण्यांत रंग जाईल’ असं करा. जमल्यास चाचणीही द्या: आत खोचल्या जाणाऱ्या टोकावर ओला पांढरा रुमाल चोळा, रुमालाला रंग लागला तर साडी वेगळीच धुवा.

कर्ताकर्म: विटणे अकर्मक आहे. ‘साडी विटली’, ‘रंग विटला’ दोन्ही बरोबर. ‘विटवला’ कानाला टोचतं. ‘उन्हाने रंग विटला’ म्हणा.

विशेषण जपून वापरा. ‘फिकट गुलाबी’ साडी नवीकोरी असू शकते. ‘विटकी गुलाबी’ म्हणालात तर ती कधीकाळी चांगली होती असा अर्थ निघतो, गिऱ्हाईक हातही लावणार नाही! मनाला लावतानाही तीच छटा येते: ‘या कामाला विटलो’, म्हणजे आधी गोडी होती, ती गेली. त्यातलाच ‘वीट आला’ पुल्लिंगी. ‘वीट आली’ म्हटलं तर ती भट्टीतली.

उभाआडवा: साडीला खरी, म्हणजे चांदीच्या तारेची जर असेल तर तिथे विटणे नको. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर काळा थर चढतो, म्हणजे रंग उतरत नाही, गडद होतो. त्याला ‘काळवंडणे’. पांढरं सूत ‘पिवळं पडतं’, तेही विटत नाही. चिठ्ठीत एवढंच पुरे: ‘जर काळवंडू नये म्हणून साडी मलमलीत गुंडाळा, जरीवर अत्तर फवारू नका.’ आणि घडी मधूनमधून बदलायला सांगा, नाहीतर जर घडीवर तुटते.