न्यूयॉर्क, चार दिवस, सोबत आई-बाबा: ऐतिहासिक ठिकाणं कोणती आणि कोणत्या क्रमानं?

उदगीरकर (प्रश्न)
नमस्कार मंडळी. आई-बाबा (वय ६३ आणि ६८) ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ताईकडं न्यू जर्सीत, एडिसनला असतील. त्यातले सोमवार ते गुरुवार असे चार दिवस न्यूयॉर्कसाठी. मुक्काम एडिसनलाच, सकाळी जाऊन रात्री परत. टाइम्स स्क्वेअर, उंच इमारतीवरून फोटो, खरेदी यातलं काहीच नको. बाबा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मिलिंद कॉलेजचे विद्यार्थी, त्यामुळं बाबासाहेब जिथं शिकले ते कोलंबिया विद्यापीठ पहिलं. आईचे गुडघे दुखतात, सलग अर्धा तास चालवतं, जिने नको म्हणते. जेवण शाकाहारी. बाकी काय घ्यावं आणि कसं बसवावं? टूर कंपनीचं पॅकेज नको आहे.

पाणचक्की
आधी वार पक्के करा, ठिकाणं मग. आपल्याकडं अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं हे माहीत नसल्यानं लोक जसे फाटकावरून परततात, तसंच तिकडंही होतं. मेट्रोपॉलिटन म्युझियम, ज्याला सगळे नुसतं मेट म्हणतात, बुधवारी बंद. ९/११ चं म्युझियम मंगळवारी बंद. बाहेरची दोन कुंडं आणि त्यांच्या कडेला कोरलेली २,९८३ नावं मात्र रोज, विनातिकीट बघता येतात. म्हणून माझा क्रम असा: सोमवारी कोलंबिया आणि हार्लेम, मंगळवारी लिबर्टी-एलिस (स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि शेजारचं एलिस बेट), बुधवारी फ्लशिंगचं गणपती मंदिर, गुरुवारी मेट. एका दिवशी शहराचा एकच कोपरा. वर-खाली उड्या मारल्या की दिवस स्टेशनांतच जातो, आणि गुडघ्यांचा खरा शत्रू चालणं नव्हे, स्टेशनांतले जिने.

एडिसनहून एनजे ट्रान्झिटची रेल्वे थेट जाते, पाऊण-एक तास. तिकीट चढायच्या आधी ॲपवर किंवा मशीनवर काढा, गाडीत काढलं तर वरून पाच डॉलर बसतात. ६२ च्या पुढच्यांना सवलतीचं तिकीट आहे, दोघंही बसतात त्यात. आता हमखास होणारी चूक: वाटेत नेवार्क पेन स्टेशन लागतं आणि शेवटी न्यूयॉर्क पेन स्टेशन. कंडक्टरनं नुसतं ‘पेन स्टेशन’ म्हटलेलं ऐकून माणसं नेवार्कलाच उतरतात. गाडी नदीखालच्या बोगद्यातून गेल्यावर जे येतं ते आपलं.

खडकीवाला
सोमवारचं मी सांगतो.

न्यूयॉर्क पेनवरून १ नंबरची मेट्रो, ‘अपटाऊन’ बाजूची. १, २ आणि ३ तिघींचाही गोळा लालच, म्हणून घोटाळा होतो. २ आणि ३ जलद आहेत, ९६व्या रस्त्यानंतर त्या उजवीकडं हार्लेमला वळतात. पेन स्टेशनवर धीम्या आणि जलद गाडीचे फलाट वेगळे आहेत, तेव्हा खाली उतरण्याआधीच पाटी वाचा. आणखी एक: ‘११६वा रस्ता’ नावाची स्टेशनं चार वेगवेगळ्या मार्गांवर आहेत. तुम्हाला पाहिजे ते ‘११६, कोलंबिया युनिव्हर्सिटी’. बी किंवा सी गाडीनं ११६ला उतरलात तर विद्यापीठ टेकडीवर आणि तुम्ही खाली, मधे मॉर्निंगसाइड पार्कच्या उभ्या पायऱ्या. आईंना ते जमायचं नाही. कोलंबियाच्या स्टेशनातही लिफ्ट नाही, पण ते जमिनीखाली फार खोल नाही, एकाच जिन्याचं काम.

आता आत काय बघायचं. बाबासाहेब १९१३ ते १९१६ इथं होते, सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. आपले लोक जाऊन बटलर लायब्ररीसमोर फोटो काढतात. खांबांची मोठी रांग, वर ॲरिस्टॉटल-प्लेटोची नावं कोरलेली, दिसायला तीच लायब्ररी वाटते. पण बटलर उघडली १९३४ साली. बाबासाहेबांच्या वेळची लायब्ररी म्हणजे समोरची, घुमटाची लो लायब्ररी. आता तिथं कार्यालयं आहेत, पुस्तकं नाहीत. तिच्या रुंद पायऱ्यांवर मधोमध अल्मा मेटरचा ब्राँझचा पुतळा आहे, १९०३ चा, म्हणजे बाबासाहेब आले तेव्हा तो होताच. पुतळ्याच्या डाव्या पायाजवळ वस्त्राच्या घडीत एक घुबड लपवलेलं आहे, शोधायला लावा बाबांना.

राहण्याच्या जागा: सुरुवातीला हार्टली हॉल, पुढं लिव्हिंगस्टन हॉल. लिव्हिंगस्टनचं नाव आता वॉलक हॉल आहे, म्हणून जुनं नाव विचारलं तर कुणी सांगत नाही. दोन्ही इमारती ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यूला पाठ करून उभ्या आहेत. ११६व्या रस्त्यावरून ११४व्याकडं त्या ॲव्हेन्यूनं चालत गेलं की उजव्या हाताला दिसतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण २०२४ पासून आवारात प्रवेशावर बंधनं आहेत. फाटकावर ओळखपत्र तपासतात, बाहेरच्या माणसाला आधी नोंदणी करावी लागते. ओळखीचा कुणी विद्यार्थी किंवा कर्मचारी असेल तर तो पाहुणे म्हणून नाव घालू शकतो. नियम बदलत राहतात, आदल्या दिवशी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघूनच निघा.

बाबासाहेबांचा अर्धपुतळा लेहमन लायब्ररीत आहे. इंटरनॅशनल अफेअर्सची उंच इमारत, ११८वा रस्ता आणि ॲमस्टरडॅमचा कोपरा. तिथं तर नुसतं चालत जाताच येत नाही. दोन-तीन आठवडे आधी लायब्ररीला ईमेल करा. तारीख, माणसं किती, वय, आणि येण्याचं कारण सरळ लिहा. उत्तर नाही आलं तर आठवड्यानं पुन्हा एकदा. दारावर जाऊन विनवणी करण्याचा उपयोग नसतो, पहारेकऱ्याच्या हातात काही नसतं.

दुपारी टॅक्सी करून शॉम्बर्ग सेंटर, १३५वा रस्ता आणि माल्कम एक्स बुलेव्हार्ड. विनातिकीट, रविवारी बंद. ही न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीची कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला वाहिलेली शाखा. आपला संबंध असा: १६१० च्या सुमारास ज्यानं खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली, ज्याची कबर खुलताबादेत आहे, त्या मलिक अंबरवर आणि भारतातल्या इतर हबशी सरदारांवर इथं २०१३ मध्ये प्रदर्शन झालं होतं. ते आता तिथं नाही, शोधत फिरू नका. पण आतल्या दालनात जमिनीवर गोल नक्षी आहे, नद्यांच्या रेषा काढलेली. तिच्याखाली कवी लँग्स्टन ह्यूज यांच्या अस्थी आहेत. लोक नकळत वरून चालतात. तिथं दोन मिनिटं थांबा.

उदगीरकर
बटलरची चूक आम्ही शंभर टक्के केली असती. धन्यवाद दादा. मंगळवारबद्दल कुणी सांगेल का? लिबर्टीची बोट सुटते त्या बॅटरी पार्कची रांग फार मोठी असते म्हणे.

मांजराकाठ
मुक्काम एडिसनला आहे तर बॅटरी पार्कला जाताच कशाला? लिबर्टीची बोट न्यू जर्सीच्या काठावरूनही सुटते, लिबर्टी स्टेट पार्कमधून. गाडी लावायला जागा आहे, रांग आखूड. कंपनी तीच, तिकीट तेच, मोठ्या माणसाचं साधारण २५ डॉलर. अधिकृत कंपनी एकच आहे, स्टॅच्यू सिटी क्रूझेस. बॅटरी पार्कच्या आसपास जॅकेट घालून तिकिटं विकणारे फिरतात. त्यांच्या बोटी पुतळ्याला लांबून वळसा घालून येतात, बेटाला लागत नाहीत. नुसता वळसाच घालायचा असेल तर स्टेटन आयलंडची फेरी फुकट आहे की.

जर्सीकडून बोट आधी एलिस बेटाला लागते, मग लिबर्टीला. ते बरंच आहे, कारण खरा वेळ एलिसला द्यावा. नऊच्या सुमारास पहिली बोट असते, तीच धरा. चढण्याआधी विमानतळासारखी तपासणी, पट्टा-पाकीट सगळं. दुपारनंतर निघालात तर दोन्ही बेटं होत नाहीत. मुकुटाचं तिकीट काढू नका: चौथऱ्यावरून पुढं १६२ अरुंद पायऱ्या, तिथं लिफ्ट नाही. चौथऱ्यापर्यंत लिफ्ट आहे, ते तिकीट वेगळं आणि आधी घ्यावं लागतं. पुतळ्याची तांब्याची कातडी जेमतेम २.४ मिलिमीटर जाड आहे, आतला लोखंडी सांगाडा आयफेलचा. हे सगळं बेटावरच्या म्युझियममध्ये बसूनही कळतं.

एलिसवरून १८९२ ते १९५४ या काळात सव्वा कोटीच्या आसपास माणसं अमेरिकेत शिरली. खाली सामानाची खोली, वर मोठी नोंदणीची खोली, मधे जिना. तपासणी त्या जिन्यावरच सुरू व्हायची आणि माणसांना ते ठाऊकही नसायचं. वर डॉक्टर उभे राहून बघायचे: धाप कुणाला लागते, लंगडतं कोण, पोराला कडेवरून खाली का ठेवत नाहीत. संशय आला की कोटावर खडूनं एक अक्षर. एच म्हणजे हृदय, एल म्हणजे लंगडेपणा, ई म्हणजे डोळे. एक्स पडला तर डोक्यात बिघाड असल्याचा संशय. काही हुशार लोक कोट उलटा करून घालायचे आणि निसटायचे! डोळ्यांच्या खुपऱ्या बघायला पापणी उलटी करायचे, बुटाच्या गुंड्या लावायच्या आकड्यानं. जिना आता नवा आहे, आईंना लिफ्टनं न्या. वर गेल्यावर छताकडं बघा: कमानीत बसवलेल्या २८ हजारांवर टाइल्स, आणि १९८० च्या दशकातल्या दुरुस्तीत त्यातल्या फक्त १७ बदलाव्या लागल्या. ऑडिओ गाइड तिकिटातच असतो, मागून घ्या, नाहीतर तसेच पुढं जाल.

परतताना फलकावर ‘न्यू जर्सी’ बघून बोटीत चढा. धक्का जवळजवळच असतो. न्यूयॉर्कच्या बोटीत बसलात तर गाडी नदीच्या या काठाला आणि तुम्ही त्या काठाला.

सातमाळा
फ्लशिंग थोडक्यात. ७ नंबरची मेट्रो शेवटपर्यंत, तिथून बसनं किंवा टॅक्सीनं बाउन स्ट्रीटवरचं गणपती मंदिर. १९७७ ची प्रतिष्ठापना, दक्षिणी पद्धतीचं. तळघरात कँटीन आहे, डोसा-इडली-सांबार, तेव्हा जेवणाची चिंता मिटली. पण नुसता डोसा खाऊन परतू नका. रस्त्याला ज्याचं नाव आहे त्या जॉन बाउननं क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना आपल्या घरात प्रार्थना करू दिली, म्हणून १६६२ साली त्याला डच सत्तेनं पकडलं. त्याआधी १६५७ मध्ये फ्लशिंगच्या रहिवाशांनी याच हक्कासाठी लेखी तक्रार दिली होती. बाउनचं घर याच रस्त्यावर उभं आहे, १६६१ च्या सुमाराचं. आधी हे घर बाहेरून बघा आणि मग मंदिरात जा, क्रम उलटा केला तर मंदिराचा पत्ता नुसता पत्ताच राहतो.

मेटला जाताना पुढच्या मोठ्या पायऱ्या टाळा. ८१व्या रस्त्याजवळ जमिनीलगतचं दार आहे, तिथं रांगही कमी. व्हीलचेअर फुकट मिळते. आईंना संकोच वाटेल, तरी घ्याच, इमारत अवाढव्य आहे. तिकीट ३० डॉलर, ६५ पुढं २२. ‘वाटेल तेवढं द्या’ ही सोय न्यूयॉर्क राज्यातल्या रहिवाशांना आहे, जर्सीच्या पाहुण्यांना नाही. आणि तिकडचा ‘पहिला मजला’ म्हणजे आपला तळमजला, नकाशा वाचताना एवढं लक्षात असू द्या.

सगळं बघायचं नाही. दोनच गोष्टी. एक, डेंडूरचं देऊळ, तळमजल्यावर. आस्वान धरणात बुडणार म्हणून हे इजिप्तचं दोन हजार वर्षांपूर्वीचं देऊळ दगड-दगड सुटं केलं, ६६१ खोक्यांत भरून आणलं, १९७८ ला इथं उभं केलं. जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेली देवळं ज्या पिढीला आठवतात तिला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. भिंती जवळून बघा: १९व्या शतकातल्या प्रवाशांनी आपली नावं कोरून ठेवलीत. ही खोड एकट्या आपल्या किल्ल्यांवरची नव्हे. दोन, वरच्या मजल्यावर इस्लामी कलेच्या दालनांत दख्खनचा भाग. बिदरी काम दिसलं तर काळ्या धातूत चांदी कशी बसवलीय ते बघा. कागदावरची चित्रं उजेडानं फिकी पडतात म्हणून ती आलटून-पालटून लावतात, एखादं ठरावीक चित्र मिळेलच असं धरून जाऊ नका.

उदगीरकर
मेट्रोचं कार्ड कुठून घ्यायचं? बाबांकडं भारतातलं डेबिट कार्ड आहे.

पाणचक्की
जुनं पिवळं मेट्रोकार्ड आता विकत नाहीत. फाटकावर टॅप करायचं. भारतातलं कार्ड चालवायचं तर निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आणि परदेशातलं टॅप, हे दोन्ही वेगवेगळे सुरू करा. लोक पहिलंच करतात आणि दुसरं विसरतात. भरवसा नसेल तर स्टेशनातल्या मशीनवर ओम्नी कार्ड मिळतं, रोख भरता येते. तिघांसाठी एकच कार्ड तीनदा टॅप केलं तर दार उघडतं, पण आठवड्यात साधारण १२ फेऱ्यांनंतर पुढच्या फुकट ही जी सवलत आहे, ती मोजताना फक्त पहिला टॅप धरतात. प्रत्येकाला वेगळं कार्ड द्या, आणि आपलं कार्ड कोणतं ते पेनानं लिहून ठेवा.