बिल झीरो होईल म्हणतोय सोलरवाला, विश्वास ठेवू का?

नवखा_सोलरकर:
नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसतं वाचतोय, विचारतोय पहिल्यांदाच. घरात माणसं तेवढीच, उपकरणं तीच, वापर तेवढाच, तरी लाईट बिल दर वर्षी चढतंच चाललंय कारण दरच वाढतायत. म्हणून सोलरची चौकशी केली. एक जण येऊन गच्ची बघून गेला आणि १० मिनिटांत निकाल, ५ किलोवॅट टाका, बिल झीरो. त्याने माझं बिल हातात पण घेतलं नाही, तिथेच मला शंका आली.
आमचा वापर महिन्याला ३३० युनिटच्या आसपास. दिवसा घरी फक्त आई, आम्ही दोघं संध्याकाळी ७ नंतर. तर ५ किलोवॅट खरंच लागेल का, बॅटरी घ्यावी का आणि ते झीरोचं प्रकरण खरं आहे का?

गच्चीवरचा_गणप्या:
झीरो विसरा भाऊ. स्थिर आकार नावाची एक ओळ असते बिलात, ती सूर्याला घाबरत नाही. बाकीचं जाणकार सांगतील.

मीटरवाली_ताई:
बिल न बघता साईज सांगणारा माणूस पॅनल विकायला आलाय, तुमचं बिल कमी करायला नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता तुमचा हिशोब. ३३० म्हणजे दिवसाला ११ युनिट. बऱ्यापैकी उन्हाच्या ठिकाणी १ किलोवॅट पॅनल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ च्या आसपास युनिट देतं, कुठे ३ कुठे ५. म्हणजे ५ किलोवॅट म्हणजे रोजचे २०. घर ११ युनिटचं आणि थाट २० चा. वरचे ९ कुणासाठी बनवताय? आणि खरा मुद्दा पुढेच आहे, तुमचे ११ पण दिवसा लागत नाहीत, घर भरतं संध्याकाळी आणि तेव्हा पॅनल झोपलेलं असतं. दुपारी बनलेली वीज तुम्ही वापरली नाही तर ती बाहेर जाते, आणि बाहेर गेलेल्या युनिटचं काय होतं त्यावर सगळं गणित फिरतं. काही ठिकाणी दिलेलं युनिट घेतलेल्या युनिटमधून सरळ वजा होतं, म्हणजे ग्रीड, वीज कंपनीचं तारांचं जाळं, तीच तुमची फुकटची बॅटरी. काही ठिकाणी दिलेल्या युनिटला वेगळा आणि कमी दर मिळतो. आणि काही ठिकाणी काहीच मिळत नाही. तुमच्याकडे यातलं कुठलं आहे ते आधी वीज कंपनीकडून लेखी घ्या, सोलरवाल्याच्या तोंडून नको.

अजून एक, दर स्लॅबचा असेल म्हणजे जास्त वापरलं की युनिट महाग, तर सोलरने आधी वाचतात ती सगळ्यात वरची महागडी युनिटं. म्हणून पहिल्या किलोवॅटने जेवढी बचत होते तेवढी तिसऱ्याने होत नाही, पैसे मात्र दोघांचे जवळपास सारखेच जातात.

एक काम करा. १५ दिवस सकाळी ९ ला आणि संध्याकाळी ५ ला मीटरचं रीडिंग वहीत लिहा, मग बोलू.

अंधारातला_एक्का:
माझा अनुभव लिहितो म्हणजे तुम्ही तरी फसणार नाही. सोलर बसवलं, पहिल्याच महिन्यात भर दुपारी लाईट गेली, मी मोठ्या रुबाबात शेजाऱ्यांना सांगतोय की आपल्याला काय फरक पडतो आणि आत जाऊन बघतो तर आमच्याकडे पण पंखा बंद!! डोक्यावर रणरणतं ऊन आणि घरात लाईट नाही. ज्याने बसवून दिलं त्याला फोन केला तर म्हणे हे असंच असतं. खरंच असंच असतं, साधा ग्रीडवर चालणारा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा, ग्रीड गेलं की स्वतःहून बंद होतो, नाहीतर आपली वीज तारेत जाऊन खांबावर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसेल. कारण पटलं मला, पण पैसे घ्यायच्या आधी सांगायला काय झालं होतं! लाईट गेल्यावर पण चालायला हवं असेल तर हायब्रिड म्हणजे बॅटरीवर पण चालणारा इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते.

नवखा_सोलरकर:
बापरे, हे माहीतच नव्हतं. मग बॅटरी घेऊनच टाकू का? संध्याकाळचा प्रश्न पण सुटेल.

मीटरवाली_ताई:
थांबा, घाई नको. तुमच्याकडे लाईट सारखी जाते का? जात असेल तर बॅटरी ही सोय आहे, तिचा हिशोब वेगळा. पण नुसतं बिल कमी करायला घेत असाल तर असं करा. समजा ५ युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, रोज ९० टक्के वापरली तर ४.५ युनिट, आणि ४००० वेळा भरली-रिकामी झाली असं धरलं तर आयुष्यभरात १८००० युनिट. बॅटरीच्या किमतीला १८००० ने भागा. येईल तो आकडा म्हणजे एक युनिट दुपारून रात्रीत नेण्याचं भाडं. वीज घेताना द्यायचा दर आणि बाहेर दिल्यावर मिळणारा दर यातला फरक या भाड्यापेक्षा जास्त असेल तरच बॅटरीला अर्थ आहे. युनिटला युनिट वजा होत असेल तर फरक शून्य, मग बिलासाठी बॅटरी कशाला?

गच्चीवरचा_गणप्या:
गच्चीवर टाकी, जिना, झाड काय काय आहे ते सांगितलंच नाही तुम्ही. आमच्या एका पॅनलवर ४ नंतर टाकीची सावली पडायची, पॅनलचा कोपराच फक्त, मी म्हटलं कोपऱ्याने काय होतंय. पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, एक अडला की त्याच्या ओळीतले सगळे अडतात, अडलेल्या ओळीला वळसा देणारे बायपास डायोड असतात म्हणून निदान अख्खं पॅनल जात नाही, तिसरा हिस्सा जातो. शेवटी स्टँड सरकवावं लागलं. धूळ पण पुसायची अधूनमधून, सकाळी काच थंड असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

आणि कडक उन्हाळ्यात भरपूर वीज बनेल या भ्रमात राहू नका. पॅनलचा वॅट २५ डिग्रीला मोजलेला असतो, उन्हात ते ६० च्या वर तापतं आणि दर डिग्रीला ०.३ ते ०.४ टक्के कमी होत जातं. आमचा दुपारचा सगळ्यात मोठा आकडा थंडीच्या शेवटी शेवटी येतो, स्वच्छ आभाळ आणि गार वारा असला की.

नवखा_सोलरकर:
मंडळी, १५ दिवसांची वही पूर्ण झाली. ताईंचं म्हणणं बरोबर निघालं. ९ ते ५ सरासरी ३ युनिट, बाकी ८ संध्याकाळ, रात्र आणि सकाळ मिळून. दिवसा फ्रिज, आईचा पंखा, टीव्ही, संपलं. वीज कंपनीत जाऊन आलो, आमच्याकडे बाहेर दिलेल्या युनिटला कमी दर मिळतो. लाईट महिन्यातून एखाद वेळ जाते.

मीटरवाली_ताई:
मग वीज वापराकडे न्यायच्या ऐवजी वापरच दुपारी आणा. गिझर आहे का? १०० लिटर पाणी ३० डिग्रीने तापवायला साडेतीन युनिट लागतात, टाकीचा गिझर असेल तर १२ च्या टायमरवर टाका, चांगल्या टाकीत संध्याकाळपर्यंत पाणी बऱ्यापैकी गरम राहतं. वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याचा पंप, सगळं दुपारी. आईंना सांगून बघा.

नवखा_सोलरकर:
गिझर टाकीचाच आहे. आई म्हणाली मशीन मी लावते, इस्त्री तुझी तू कर रविवारी. ते धरून दिवसाचे ६ तरी होतील. म्हणजे २ किलोवॅट घेतलं, रोजचे ८ धरले तर २ च बाहेर जातील आणि बॅटरी नको. बरोबर ना? ५ वाल्याला फोन करून २ चं कोटेशन मागितलं तर म्हणतो एवढ्या छोट्या कामाला माणूस पाठवायला परवडत नाही.

अंधारातला_एक्का:
😂 दुसरा बघा. आणि इन्व्हर्टरची वॉरंटी वेगळी विचारा, पॅनलची २५ वर्षं सांगतात त्यात इन्व्हर्टर नसतो.