इंग्रजी वाक्प्रचार: अर्थ पाठ असतो, मग वापरताना कुठे अडतं?

‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणजे मुसळधार पाऊस, हे शाळेत घोकून झालेलं असतं. लंडनमध्ये मात्र रोजच्या बोलण्यात ‘इट्स पोअरिंग’ नाहीतर ‘इट्स चकिंग इट डाउन’ जास्त कानावर पडतं. नुसत्या अर्थांच्या याद्या भरपूर मिळतात. इथे त्यापुढचं लिहूया: कुठला वाक्प्रचार कुणापुढे चालतो, कुठे फसतो आणि का. ज्यांचं रोजचं काम यातच आहे त्यांनी उदाहरणं देऊन लिहावं.

परदेशी ग्राहकांचा पत्रव्यवहार बघणारी

सगळ्यात महागात पडतं ते ‘टेबल’. ब्रिटनमध्ये एखादा मुद्दा टेबल करणं म्हणजे तो चर्चेला घेणं. आपल्या संसदेतही कागदपत्रं सभागृहाच्या पटलावर ठेवतात ती याच वळणाने. अमेरिकेत नेमकं उलट: विषय बाजूला सारणं, लांबणीवर टाकणं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांची याच एका शब्दावरून बरीच खडाजंगी झाली होती, असं चर्चिल यांनी नोंदवलंय. म्हणून ईमेलमध्ये हा शब्दच टाळा. विषय काढायचा असेल तर ‘ब्रिंग अप’, पुढे ढकलायचा असेल तर ‘पुट ऑफ’.

‘मूट पॉइंट’चंही तेच. ब्रिटिश माणसाला तो वादाचा मुद्दा वाटतो, अमेरिकी माणसाला आता काही फरक न पडणारा. ‘क्वाइट गुड’ अमेरिकेत चांगली शाबासकी असते, ब्रिटनमध्ये बहुतेक वेळा ‘ठीक आहे’ इतकंच.

‘बॉलपार्क फिगर’ बेसबॉलमधून आलंय, अर्थ ढोबळ अंदाज. कुणी तो मागितला तर ३८,४७,५०० असा आकडा देऊ नका, कारण इतका नेमका आकडा समोरचा पक्का धरून बसतो. ‘३५ ते ४० लाख’ लिहा आणि हे अंतिम कोटेशन नाही हेही तिथेच लिहा.

भाषांतरकार

मराठी जोडीदार सापडला की आपण निश्चिंत होतो, घात तिथेच होतो. ‘अ‍ॅड फ्युएल टू द फायर’ला आगीत तेल ओतणे चपखल बसतं. ‘बर्न योर फिंगर्स’ला हात पोळणे, तेही बरोबर. पण ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे पाय खेचणे नव्हे! मराठीत पाय खेचणारा माणूस दुसऱ्याला वर चढू देत नाही. इंग्रजीत ती निव्वळ थट्टा असते. आपल्याकडे तिला नुसतं ‘खेचणे’ म्हणतात: ‘अरे, तो तुझी खेचतोय.’ पाय आला की अर्थ बदलला.

इंग्रजीचा शिक्षक

अर्थाइतकाच साचा सांभाळावा लागतो. ‘द पेपर्स वेअर अ पीस ऑफ केक’, म्हणजे पेपर अगदी सोपे होते, हे बरोबर. पेपर अनेक म्हणून ‘पीसेस’ केलं की खरोखरचे केकचे तुकडे होतात. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणं, पण ते कर्मणीत वळवलं की नुसती लाथाडलेली बादली उरते. (शोकसंदेशात तर हा वाक्प्रचार अजिबात नको, तिथे ‘पास्ड अवे’.) मराठीत आर्टिकल नसल्याने आपल्या मुलांचा ‘द’ हमखास गळतो: ‘आउट ऑफ द ब्लू’, ‘इन द लाँग रन’, ‘आउट ऑफ द क्वेश्चन’ यांतला ‘द’ हलवायचा नाही.

वहीत अर्थासमोर एक पूर्ण वाक्य लिहून घ्यावं आणि त्यात काय बदलतं ते अधोरेखित करावं. ‘शी बिट ऑफ मोअर दॅन शी कुड च्यू’, म्हणजे झेपणार नाही एवढं काम अंगावर घेतलं. यात ‘बाइट’चं ‘बिट’ झालं, ‘कॅन’चं ‘कुड’ झालं, सर्वनाम दोन्हीकडे एकच राहिलं. मुलं पहिला बदल करतात आणि दुसरा विसरतात. तोंडी सरावात मी नेमकं हेच आधी तपासतो.

इंग्लंडमध्ये राहणारी

‘अंडर द वेदर’ म्हणजे जरा बरं नसणं. रजेच्या निरोपात छान चालतं, पण डॉक्टरसमोर निरुपयोगी. तिथे ताप किती, किती दिवसांपासून, हेच सांगावं. ‘ब्रेक अ लेग’ ही शुभेच्छा रंगमंचावर जाणाऱ्यासाठी असते, ऑपरेशनला निघालेल्यासाठी नाही.

नोकरीच्या अर्जात ‘आय पास्ड आउट इन २०१८’ लिहू नका. भारतात ते पदवी मिळाली असं वाचतात, इथे शुद्ध हरपली असं. ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०१८’ लिहा.

स्टिकी विकेटबद्दल

पूर्वी सामन्यादरम्यान पाऊस आला तरी खेळपट्टी उघडीच राहायची. भिजलेली माती उन्हात सुकायला लागली की चेंडू मनमानी उसळायचा, वळायचा. त्यावरून अडचणीत सापडणं हा अर्थ आला. अमेरिकी माणसासमोर हा वाक्प्रचार वाया जातो, तिथे ‘इन अ टाइट स्पॉट’ म्हणावं.

पुन्हा पत्रव्यवहारवाली

एक राहिलंच. ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ आपल्याकडे आदराने लिहिलं जातं, पण इंग्रज माणूस ते वाचताच पुढच्या विरोधाची तयारी करतो. वरिष्ठांशी मतभेद मांडायचा असेल तर ‘आय सी इट अ लिटल डिफरंटली’ लिहा आणि लगेच कारण द्या.