जुने अवघड गेम आणि सेव्ह स्टेट: तुमचे अनुभव लिहा

'निंजा गायडेन' (1988) खेळलेल्यांना 6-2 मधली (सहाव्या भागातल्या दुसऱ्या लेव्हलमधली) ती दरी आठवत असेल. पलीकडच्या अरुंद कड्यावर शत्रू, आणि उडी मारली की समोरून पक्षी. त्याचा धक्का लागला की नायक मागे फेकला जातो, तो थेट दरीत. एक पाऊल मागे घेऊन पाहावं, तर आत्ताच मारलेला शत्रू पुन्हा हजर. एवढं सगळं पार करून शेवटच्या बॉसकडे, म्हणजे मोठ्या शत्रूकडे, पोचलात आणि मेलात, तर गेम 6-1 ला आणून सोडतो. लढाई काही सेकंदांची आणि तिथवरची पायपीट केवढी तरी लांब.

मी बॉसच्या दारात सेव्ह स्टेट टाकला, तेव्हा कुठे ती लढाई मला नीट बघता आली. तिथे एकामागून एक तीन बॉस आहेत. पहिल्या लढतीत समोरच्या माणसाला मारायचंच नसतं, त्याला ताब्यात ठेवणारा गोळा फोडायचा असतो. गोष्टीतला सगळ्यात मोठा धक्का नेमका याच ठिकाणी आहे. इतकं चांगलं लिहिलेलं वळण बहुतेकांनी पाहिलेलंच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ज्यांनी वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेममधलं नेहमीचं सेव्ह म्हणजे गेमने स्वतःहून नोंदवलेली प्रगती. सेव्ह स्टेट मात्र एम्युलेटरने (जुनं गेम मशीन संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रामने) घेतलेली अख्ख्या मशीनची त्या क्षणीची नक्कल असते: एनईएसची (निन्टेन्डोच्या जुन्या गेम मशीनची) 2 केबी मेमरी, चित्राची मेमरी, प्रोसेसर नेमका कुठे थांबला होता ते, सगळं. म्हणून उडीच्या मध्यावरही थांबता येतं, आणि गेमला त्याचा पत्ताही लागत नाही.

तर लिहा. गेम कोणता, सेव्ह कुठे करता, आणि त्याने मजा वाढली की गेली?

*

'घोस्ट्स एन गॉब्लिन्स'. मूळचा 1985 चा, नाण्यांवर चालणारा आर्केड गेम, त्यामुळे तुम्हाला लवकर मारणं हाच त्याचा धंदा. पहिला फटका बसला की चिलखत गळतं, दुसऱ्याला हाडांचा सापळा. पहिल्याच लेव्हलमध्ये तो लाल उडता सैतान बसलेला असतो. तुम्ही भाला फेकला की तो बाजूला होतो आणि तुमचा हात मोकळा नसताना झेप घेतो.

यात माझा नियम ठरलेला आहे: लेव्हलच्या सुरुवातीला एक सेव्ह आणि मध्यावर एक, बास. दर दोन पावलांवर सेव्ह केलं की शेवट दिसतो, पण हात काही शिकत नाही. दोन सेव्हच्या मध्ये जीव मुठीत धरून चालावं लागलं पाहिजे. त्या सैतानासमोर आधी भाला न फेकता नुसतं पुढेमागे करत राहायचं आणि तो खाली झेपावला की मारायचं, हे मला असंच खेळून कळलं.

आणि हो, शेवटी पोचलात की गेम सांगतो हा सगळा भ्रम होता, परत पहिल्यापासून या! खरा शेवट दुसऱ्या फेरीनंतरच. सेव्ह स्टेट नसता तर मी ती दुसरी फेरी सुरूच केली नसती.

*

मी फक्त सरावासाठी वापरते. एनईएसवरच्या 'पंच-आउट'मध्ये (1987) शेवटी माइक टायसन येतो. पहिली 90 सेकंदं त्याचा प्रत्येक अपरकट तुम्हाला थेट आडवा करतो, आणि लढत हरलात की थेट गेम ओव्हर. मग टायसन शिकायचा कधी? घंटा वाजायच्या क्षणी सेव्ह केलं आणि ठोसे मारायचेच नाहीत, नुसतं चुकवायचं असं ठरवलं. काही दिवसांनी नजर त्याच्या खांद्याकडे आपोआप जायला लागली. मग सेव्ह स्टेटला हात न लावता पूर्ण गेम सुरुवातीपासून खेळले आणि जिंकले. ती लढत मी माझी धरते, आणि तो सरावही माझाच.

*

सगळे मरणाच्या आधी सेव्ह करतात, मी 'ग्रेडियस'मध्ये मेल्यानंतर सेव्ह करतो. यानाला जमवलेली सगळी शस्त्रं मरताच जातात आणि मागच्या ठिकाणाहून साधी गोळी आणि मंद यान घेऊन सुरू करावं लागतं. हा गेम खरा अवघड आहे तो इथे. सगळी शस्त्रं घेऊन पुढे जाणं त्यामानाने सोपं. तेव्हा त्या लुळ्या अवस्थेतला क्षण सेव्ह करून ठेवतो आणि तिथून सावरायचं कसं, यानाचा वेग पहिल्यांदा कुठे वाढवायचा, एवढंच घोटतो. एकदा ते जमलं की मरणाची धास्ती निम्मी होते. शस्त्रं गेली म्हणून रीसेट मारणाऱ्या प्रत्येकाने हे करून बघावं.

*

मनगटाच्या दुखण्यामुळे मला सलग फार वेळ बटणं दाबता येत नाहीत. 'कॅसलव्हेनिया'मध्ये 'मृत्यू' नावाच्या बॉसआधीचा तो बोळ आहे ना, कुऱ्हाडी फेकणारे चिलखतधारी आणि वरून लाटेसारखी तरंगत येणारी मेड्युसाची डोकी, तिथे मी अक्षरशः एकेक चिलखतधारी मारून सेव्ह करते. थांबते, हात शेकते, दुसऱ्या दिवशी पुढचा. पवित्र पाणी हे हत्यार त्या बोळातून जपून बॉसपर्यंत नेलं, तर मृत्यूलाही जागच्या जागी खिळवून ठेवता येतं. हे जेव्हा माझ्या हातून घडलं तेव्हा मी ओरडले होते.

असं खेळणं म्हणजे फसवणूक, हे मला कोणी सांगू नये. माझ्यासाठी दुसरा पर्याय न खेळण्याचा आहे.

*

वरचं सगळं मान्य, पण मी न वापरणाऱ्यांपैकी. रेट्रोअचीव्हमेंट्स (जुन्या गेममधल्या कामगिरीची नोंद ठेवणारी साइट) च्या हार्डकोअर मोडमध्ये सेव्ह स्टेट लोड करणं आणि रिवाइंड (खेळ मागे नेणं) दोन्ही बंद असतात, मी तिथेच खेळतो. मला तो ताण हवा असतो. शेवटचा जीव उरलाय आणि घाम फुटलाय, ही गोष्ट लोडचं बटण हाताशी असताना होत नाही. पण ही माझी आवड झाली. दुसऱ्याने कसं खेळावं याचा तो नियम नाही.

*

एक तांत्रिक गोष्ट सांगायलाच हवी. रेट्रोआर्च या जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये 2018 मध्ये रन-अहेड (बटणाचा उशीर कमी करणारी सोय) आलं, त्याचा पायाच सेव्ह स्टेट आहे. बटण दाबल्यावर खुद्द गेमच एक-दोन फ्रेम (पडद्यावरची चित्रं) उशिरा हलतो. मग एम्युलेटर दर फ्रेमला स्थिती जपतो, गुपचूप थोडा पुढे पळतो, तिथलं चित्र तुम्हाला दाखवतो आणि मागे येतो. सेकंदाला साठेक वेळा! टीव्हीमुळे होणारा उशीरही त्यातून बराच भरून निघतो. म्हणजे 'मी सेव्ह स्टेट कधीच वापरत नाही' म्हणणाऱ्या अनेकांच्या मशीनवर तो सतत चालू असतो. वरच्या टायसनच्या लढतीसाठी तर हे जरूर चालू करा.

*

नव्यांसाठी थोडं. एकाच स्लॉटवर (सेव्ह ठेवायच्या जागेवर) कधीही विसंबू नका. दरीत पडता पडता सेव्ह झालं तर तो स्लॉट कायमचा मेला, म्हणून दोन-तीन आलटून पालटून वापरा. रेट्रोआर्चमध्ये कीबोर्डवर एफ2 ने सेव्ह, एफ4 ने लोड आणि एफ6, एफ7 ने स्लॉट बदलतो.

'झेल्डा'सारख्या कार्ट्रिजमधल्या बॅटरीवर सेव्ह होणाऱ्या गेममध्ये जास्त जपा. जुना स्टेट लोड केला की आतलं सेव्हही बहुतेक वेळा त्या जुन्या वेळेला जातं. आणि एम्युलेटर बदलायचा असेल तर आधी गेमच्या आत सेव्ह करा. एकाचा स्टेट दुसऱ्यात सहसा उघडत नाही.

*

'कॉन्ट्रा: हार्ड कोअर'च्या (1994) जपानी आवृत्तीत तीन फटके सोसता येतात आणि कंटिन्यूला (सगळे जीव संपल्यावर पुन्हा खेळायच्या संधीला) मर्यादा नाही. अमेरिकन आवृत्तीत एका फटक्यात एक जीव खलास आणि कंटिन्यू मोजके. गेम तोच, बनवणारे तेच. त्यामुळे अमेरिकन आवृत्ती खेळताना मी प्रत्येक बॉसआधी बिनदिक्कत सेव्ह करतो. मूळ गेम एवढी सवलत देतच होता.

*

आम्ही दोघं बहीण-भाऊ सध्या 'बॅटलटोड्स'च्या तिसऱ्या लेव्हलला आहोत, त्या कुप्रसिद्ध टर्बो टनेलमध्ये. समोरून येणाऱ्या भिंतींचा क्रम दरवेळी तोच असतो, त्यामुळे मोठ्याने 'वर, खाली, वर, उडी' म्हणत पाठ करतोय. शेवटच्या तुकड्यात भिंती इतक्या दाट येतात की म्हणायलाही वेळ मिळत नाही. तो तुकडा तेवढा सेव्ह करून वेगळा घोटला आणि काल पार झाला! पुढची लेव्हल बर्फाची आहे, पाय ठेवला की घसरतो. तिथे सेव्ह कुठे करावं, कोणी सांगेल का?