सानियाचा मोठा आकडा कोणता, 27 की 1?

खाडीकाठची (रत्नागिरी)
पावसाने कोर्ट बंद, हातात वेळ भरपूर, म्हणून भांडण उकरून काढते.

माझी लेक तेरा वर्षांची. क्लबात एकुलतं एक टेनिस कोर्ट. जून ते सप्टेंबर त्यावर शेवाळ धरतं आणि पोरं गाडीखान्याच्या भिंतीवर बॉल मारत बसतात. परवा कोच म्हणाले, "हिची उंची फार वाढेलसं वाटत नाही, सर्व्हिसही हलकी आहे. सिंगल्समध्ये जीव काढू नका. सानिया मिर्झाचं बघा ना, सिंगल्स सोडली आणि जगात पहिली आली."

घरी येईपर्यंत हे वाक्य डोक्यात घोळत होतं. सोडण्याआधी सानियाकडे सोडण्यासारखं काय होतं, ते कोणी बोलतच नाही. फेब्रुवारी 2005 मध्ये तिने हैदराबादची स्पर्धा जिंकली, डब्ल्यूटीएची (महिला टेनिसची जागतिक संघटना) सिंगल्स स्पर्धा जिंकणारी पहिली भारतीय. वय अठरा. लगेच दुबईत तिने स्वेतलाना कुझनेत्सोव्हाला सरळ दोन सेटमध्ये हरवलं, जी तेव्हा अमेरिकन ओपनची विजेती होती. त्याच वर्षी स्वतः अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत गेली आणि शारापोव्हासमोर हरली. ऑगस्ट 2007 मध्ये सिंगल्सचं रँकिंग 27. तिच्याआधी निरुपमा वैद्यनाथन 134 पर्यंत पोचली होती, आणि तेव्हा तेच आभाळाएवढं वाटायचं.

माझं मत सरळ आहे. सहा ग्रँड स्लॅम, डबल्समधला पहिला नंबर, सगळं मान्य. पण तिचा मोठा आकडा 27. या, तुटून पडा.

जांभादगड (लांजा)
तुटून पडतोच. 27 वर ती राहिली किती? मनगटाने दगा दिला. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्याच फेरीत मॅच अर्धवट सोडावी लागली, त्याच वर्षी मनगटाची शस्त्रक्रिया झाली, त्याशिवाय गुडघ्यांची दुखणी. तिचा फोरहँड ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, मनगट असं काही मागे वळायचं की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा. त्या फटक्यावर आठवड्याला पाच पाच सिंगल्स मॅच किती वर्षं काढणार होती? 2013 मध्ये तिने सिंगल्स सोडली. त्यानंतर काय झालं? 13 एप्रिल 2015 ला डबल्समध्ये जगात पहिली, आणि तिथे एकूण 91 आठवडे. कारकिर्दीत डबल्सच्या 43 डब्ल्यूटीए स्पर्धा जिंकल्या.

27 हा आकडा काय होऊ शकलं असतं ते सांगतो. 1 हा काय झालं ते. आंबा मोहोरावर मोजत नाहीत, पेटीत मोजतात.

तिरफळ
पेटीतला आंबा कुठला तेही बघा. सिंगल्सच्या बऱ्याच मोठ्या खेळाडू डबल्स खेळतच नाहीत. अर्ध्या वर्गाने परीक्षाच दिली नाही तर पहिला नंबर काय सांगायचा?

जांभादगड
@तिरफळ, मग त्या अर्ध्या वर्गाला कोणी अडवलं होतं? सेरेना-व्हीनस यायच्या आणि जिंकून जायच्या. 2015 ची विम्बल्डन फायनल बघितलीत का? सानिया आणि स्वित्झर्लंडची मार्टिना हिंगिस विरुद्ध रशियाच्या माकारोव्हा-वेस्निना. पहिला सेट गेला, दुसरा टायब्रेकवर ओढून आणला, तिसऱ्यात 2-5 मागे. तिथून 5-5. अंधारून आलं म्हणून छप्पर ओढलं, दिवे लावले, आणि 7-5 ने जिंकल्या. 2-5 वरून परत येणारीला 'रिकाम्या वर्गातली पहिली' म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

खाडीकाठची
छप्पर ओढलं म्हणे! इथे आम्ही ताडपत्रीसाठी तीन वर्षं अर्ज करतोय.

पण त्या फायनलमध्ये 2-5 वरून उभं राहायचं बळ आलं कुठून, एवढंच मी विचारते. आणि हिंगिसचं नाव काढलंतच म्हणून सांगते, 2006 मध्ये सोलला याच हिंगिसला सानियाने सिंगल्समध्ये हरवलं होतं. समोरच्या बाजूने तो फोरहँड खाल्लेली बाई नऊ वर्षांनी तिची जोडीदार झाली.

बाबलो_मालवणचो
माका टेनिसातला काय एक कळना नाय. पण डबल्स म्हणजे कमीपणो, ह्या कित्याक? रापण एकट्यान ओढूक येता काय? दोनय बाजून माणसां लागतत. एकान जरी हात ढिलो सोडल्यान तर म्हावरा ग्येला दर्यात. जोडीन खेळूचा ह्या पण काम आसा बाबांनो, सोप्या नाय.

हिशेबनीस (चिपळूण)
बाबल्या, रापणीचंच धरू. रापणीत वाटे पडतात हे विसरलास. 2015 च्या विम्बल्डनमध्ये महिला सिंगल्सच्या विजेतीला 18 लाख 80 हजार पौंड. डबल्सच्या विजेत्या जोडीला 3 लाख 40 हजार, म्हणजे माणशी 1 लाख 70 हजार. अकरा पट फरक! आणि हे विम्बल्डन. खालच्या स्पर्धांत डबल्सचा वाटा बघितलात तर मुंबईचं विमान भाडंही सुटायचं नाही. सानियाला डबल्स परवडली कारण सिंगल्सने तिचं नाव आधीच झालं होतं, जाहिराती होत्या. कोचसाहेबांना हा हिशेब विचारा. माझा कौल धागाकर्तीला.

गुहागरची_सून
पैशाचंच बोलायचं तर थोडं बाईच्या बाजूनेही बोलूया का? ऑक्टोबर 2018 मध्ये मुलगा झाला. जानेवारी 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात होबार्टला परत आली आणि नादिया किचेनोकबरोबर पहिलीच स्पर्धा जिंकली. 2023 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये छत्तिसाव्या वर्षी रोहन बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सची फायनल, आणि मग फेब्रुवारीत दुबईला निरोप. सिंगल्सचा हट्ट धरला असता तर हे दिवस दिसले असते का? दोन बाळंतपणांनंतर मी अजून गुहागरच्या चौपाटीवर धड चालायला जाऊ शकलेले नाही, म्हणून मला होबार्ट जास्त मोठं वाटतं. 27 पेक्षाही आणि 1 पेक्षाही.

तिरफळ
ऑलिंपिकचं कुणीच काढलं नाही. रिओला मिक्स्डमध्ये सानिया-बोपण्णा चौथे. कांस्यपदकाची मॅच हरले. डबल्सची राणी आणि पदक नाही. टोचतं ते टोचतं.

जांभादगड
आणि सिंगल्स खेळून कुठलं पदक मिळणार होतं?

दापोलीकर_मास्तर
थोडं विषयांतर, क्षमस्व. 'तिच्याआधी' म्हटलं की गाडी निरुपमाबाईंवर थांबते. 1934 मध्ये लीला राव नावाच्या मुलीने विम्बल्डनमध्ये सिंगल्सची मॅच जिंकली होती. तिच्या आई पंडिता क्षमा राव, संस्कृत कवयित्री आणि स्वतःही टेनिसपटू. क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित, ज्यांचं नाव तुकोबांच्या इंदुप्रकाश गाथेशी जोडलेलं आहे. हे पंडित मूळचे आपल्या सावंतवाडीकडचे. म्हणजे रॅकेट कोकणाच्या घरात आधीच येऊन गेलेली आहे, फक्त मुंबईमार्गे. असो. चालू द्या.

हिशेबनीस
मास्तर, ही माहिती धाग्यापेक्षा भारी आहे.

बेसलाइन_बंड्या (पूर्वी रत्नागिरी, आता पुणे)
सगळे सानियाबद्दल भांडताय, पोरीचं कोणी बोलतच नाही. मी ज्युनियर खेळलोय, म्हणून कोरडं सांगतो. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) ज्युनियर रँकिंगमध्ये डबल्सची वेगळी यादीच नसते, दोन्ही एकत्र. सिंगल्सचे सर्वांत चांगले सहा निकाल पूर्ण धरतात, डबल्सच्या सहा निकालांचे फक्त चौथाई गुण. म्हणजे तेराव्या वर्षी सिंगल्स सोडणं म्हणजे रुपया टाकून पावली उचलणं. कोच काय विचार करून बोलले ठाऊक नाही, पण डबल्सची स्वतंत्र शिडी मोठ्यांच्या टूरवर लागते.

मात्र खाडीकाठच्या ताई, तुमचंही पूर्ण पटत नाही. डबल्स खेळली नाही तर ती नेटवर यायला कधी शिकणार? भिंतीवर चार महिने मारून पोरं बेसलाइनला चिकटतात, नावातच बघा माझ्या. सानियाची व्हॉली डबल्सने घडवली. आणि ऋतुजा भोसलेचं बघा, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिक्स्डचं सुवर्ण आणलं, तीही सिंगल्स सोडून बसलेली नव्हती.

जांभादगड
बंड्या, तू माझ्या बाजूने की तिच्या?

बेसलाइन_बंड्या
मी कोर्टावर ताडपत्री घालणाऱ्याच्या बाजूने.

सुपारीबाग
तेराव्या वर्षी एवढी चर्चा? दहावी होऊ द्या आधी.

खाडीकाठची
@सुपारीबाग, सासूबाई, तुम्ही इथेही आलात? (गंमत हो, पण अगदी तसंच वाक्य.)

@बंड्या, चौथाई गुणांचं खरंच माहीत नव्हतं. उद्या कोचना विचारते. ते वाईट नाहीत हो, उगाच तसं वाटायला नको. एकटे चाळीस पोरं सांभाळतात आणि आशा कुठे ठेवायची हे त्यांनाही मोजून ठरवावं लागतं. पण 27 वरून मी हलले नाही. गुहागरच्या ताईंच्या होबार्टने जरा हलवलं, तेही अर्धा इंच.

लेकीला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, "आई, 2-5 वर असताना त्या दोघी एकमेकींशी काय बोलल्या असतील?" 27 काय, 1 काय, तिने विचारलंही नाही.

पाऊस उघडला की आंबा घाटातून कोल्हापूर. चौदा वर्षांखालील, सिंगल्सचा फॉर्म भरलाय. डबल्सलाही नाव घालायचं म्हणतेय, पण रत्नागिरीत तिच्या वयाची दुसरी मुलगी खेळत नाही. कोणाच्या ओळखीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गुहागरची_सून
भाची आहे, चिपळूणला. साडेबाराची. डावखुरी चालेल का?

खाडीकाठची
पळेल. बॅकहँडच्या कोपऱ्यात उभी राहील ना? नंबर पाठवते.

जांभादगड
म्हणजे शेवटी डबल्सच!

खाडीकाठची
चौथाई.